एचसीएमचे निदान झाल्यावर : रुग्ण आणि त्याच्या घरच्यांसाठी मार्गदर्शक

टू-डी इकोच्या अहवालावर ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’ (एचसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार) हे शब्द पहिल्यांदा वाचले जातात तेव्हा बहुतेक घरांत दोनच प्रश्न विचारले जातात : ब्लॉकेज किती आहेत आणि बायपास करावी लागेल का? माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आमच्याही घरात हेच झाले. या दोन्ही प्रश्नांचा या आजाराशी संबंध नाही हे उमजायला आम्हांला काही महिने लागले आणि ज्या तपासण्या आधी व्हायला हव्या होत्या त्या तेवढ्या काळात मागे पडल्या. ज्यांच्या हाती असा अहवाल नुकताच आला आहे त्यांचे ते महिने वाचावेत म्हणून हा लेख लिहीत आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे आणि घरी परतल्यावर कोणती कामे कोणत्या क्रमाने करायची, हे त्यातून कळावे अशी इच्छा आहे.

आजार नेमका काय आहे

शाळेच्या पुस्तकात ज्याला डावे निलय म्हटले आहे तो हृदयाचा डावा खालचा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पोहोचवतो. प्रौढ माणसात या कप्प्याची भिंत साधारणपणे १२ मिलिमीटरपेक्षा जाड नसते. एचसीएममध्ये ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जाड होते आणि बहुतेक वेळा ही जाडी दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यावर सर्वांत जास्त असते. वर्षानुवर्षे न आवरलेला रक्तदाब, महाधमनीच्या तोंडाशी असलेली अरुंद झडप किंवा खेळाडूंचा कठोर सराव यांमुळेही भिंत जाड होऊ शकते. यांपैकी कोणतेही कारण पुरेसे ठरत नसेल तेव्हाच एचसीएमचे निदान केले जाते. निरोगी हृदयात स्नायूंचे तंतू समांतर, एका ओळीत असतात. या आजारात ते एकमेकांत गुंतलेले, वेडेवाकडे असतात आणि मधूनमधून वणासारख्या ऊती तयार झालेल्या असतात. तेलतूप, बैठे काम किंवा मनावरचा ताण यांनी हे घडत नाही. स्नायू आकुंचन पावण्यासाठी जी प्रथिने लागतात त्यांच्या जनुकांत जन्मतः दोष असतो आणि तोच पुढे भिंत जाड करतो. भावाने कित्येक दिवस ‘माझेच काहीतरी चुकले’ असे मनाला लावून घेतले होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टिअर यांनी १९५८ मध्ये आठ रुग्णांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतले बहुतेक जण तरुण वयात अचानक गेले होते. आजच्या काळात या आजाराची ओळख तेव्हापासूनची मानतात. त्याचे मूळ असलेला पहिला जनुकीय दोष १९९० मध्ये सापडला. सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ५०० जणांत एकाला हा आजार असतो, असे आता मानले जाते. त्या हिशेबाने ५० हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावात असे शंभर जण असू शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काहींना चढ चढताना धाप लागते, काहींच्या छातीत दुखते, काहींना धडधड होते किंवा भोवळ येते, तर अनेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. नीट देखरेख असेल तर बहुसंख्य रुग्ण इतरांइतकेच आयुष्य जगतात. इंटरनेटवर प्रथम अचानक मृत्यूच्याच बातम्या समोर येतात, म्हणून हे वाक्य आधी वाचून मग पुढे जावे.

पहिली पायरी : आपला अहवाल स्वतः वाचायला शिका

इकोच्या अहवालात भिंतीची सर्वाधिक जाडी किती मिलिमीटर आहे ते शोधून वहीत लिहून ठेवा. त्यानंतर ‘एलव्हीओटी ग्रेडिअंट’ हा आकडा शोधा. अनेक अहवालांत तो नीट दिलेला नसतो आणि सगळी उपचारपद्धती तर त्यावरच ठरते. रक्त कप्प्यातून बाहेर पडताना जाड पडदा आणि त्याच्याकडे ओढली जाणारी मायट्रल झडपेची पाकळी मिळून वाट अडवतात. ही अडवणूक किती आहे ते या आकड्याने कळते. ३० किंवा त्याहून अधिक आकडा असेल तर अडथळा आहे असे म्हणतात आणि तो ५० च्या पुढे असून त्रासही होत असेल तर उपचार वाढवण्याचा विचार होतो. ढोबळमानाने एक तृतीयांश रुग्णांत हा अडथळा पडून राहिलेल्या अवस्थेतही दिसतो, एक तृतीयांश रुग्णांत फक्त श्रम केल्यावर किंवा जोर लावल्यावर दिसतो आणि उरलेल्यांत तो नसतोच.

मधला गट नेमका निसटतो. भावाच्या पहिल्या इकोमध्ये ग्रेडिअंट १८ आला आणि ‘अडथळा नाही’ असे लिहून मिळाले, तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढला की त्याला डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दुसऱ्या ठिकाणी, डाव्या कुशीवर झोपवून छातीवर थंड जेल लावल्यानंतर, डॉक्टरांनी त्याला नाकतोंड मिटून शौचाला बसल्यासारखा जोर लावायला सांगितले. पडद्यावरचा आलेख आमच्या डोळ्यांदेखत लांबला, त्याचे टोक खंजिरासारखे वाकले आणि आकडा ६४ वर गेला. त्याच तपासणीत त्याला उभे करूनही पाहिले. म्हणून इकोसाठी जाताना ‘जोर लावून आणि उभे राहूनही ग्रेडिअंट मोजाल का?’ एवढे एक वाक्य जरूर विचारावे. श्रमाने त्रास होत असूनही दोन्ही वेळा आकडा कमीच आला, तर व्यायाम करवून घेतलेला इकोही करता येतो.

‘ईएफ’ म्हणजे पंपिंगचा आकडा पाहून फार आनंद मानू नये. या आजारात तो ६५–७० असणे नेहमीचे आहे, कारण कप्पा लहान असतो आणि घट्ट आवळला जातो. मात्र तो ५० च्या खाली गेला तर ती गंभीर सूचना समजतात. ईसीजी बहुतेकांचा बिघडलेलाच असतो, कधीकधी इतका की कोणी हार्ट अटॅक समजून अँजिओग्राफी करते, नळ्या स्वच्छ निघतात आणि रुग्णाला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले जाते. अशी जुनी अँजिओग्राफी घरात कोणाची झाली असेल तर ती फाइल फेकू नका. हृदयाचा एमआरआयही एकदा करून घेण्यासारखा आहे. इकोत न दिसणारे जाड भाग आणि वणाचे प्रमाण त्यात दिसते. फॅब्रीसारखे काही दुर्मीळ आजार एचसीएमसारखेच दिसतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो, म्हणून ती शक्यता तपासली का, हेही डॉक्टरांना विचारावे.

दुसरी पायरी : वंशावळ काढा

हे काम कोणतेही यंत्र न लागता होते आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही हेच आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली एकच सदोष प्रत हा आजार व्हायला पुरते. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला, मग ते मुलगा असो वा मुलगी, तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. आई-वडील, भावंडे आणि मुले एवढ्या जवळच्या नातेवाइकांची तपासणी त्यामुळे अनिवार्य ठरते.

आम्ही एका रविवारी आत्यापुढे मोठा कागद पसरून बसलो. तीन पिढ्यांची नावे लिहिली आणि प्रत्येकाचे वय व जाण्याचे कारण विचारत गेलो. ‘अटॅकने गेले’ हे उत्तर तीनदा आले, वये होती ३४, ४१ आणि ३८. मग धाकट्या काकांपाशी आत्या थांबली. ते विहिरीत बुडून गेले असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. “तो तर पट्टीचा पोहणारा होता रे,” ती म्हणाली आणि बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिली. पोहता येणारा माणूस बुडणे, तरुणपणी झोपेत जाणे, सरळ रस्त्यावर एकट्याची गाडी जाऊन आदळणे, ‘फिट’ येऊन परत न उठणे, अशा प्रत्येक घटनेखाली रेघ ओढावी. त्यांतली प्रत्येक गोष्ट हृदयामुळेच घडली असे नव्हे. पण डॉक्टरांना धोका मोजताना ही माहिती लागते आणि ती फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांकडेच असते. ती माणसे जिवंत आहेत तोवर विचारून घ्यावी.

वंशावळ तयार झाली की जवळच्या प्रत्येक नातेवाइकाचा ईसीजी आणि इको करावा. नातेवाइकात १३ मिलिमीटर जाडीही निदानासाठी पुरते, हे इको करणाऱ्याला आधीच सांगावे. ‘घरात एचसीएम आहे’ एवढे शब्द चिठ्ठीवर असले तर तो अधिक बारकाईने पाहतो. एकदा तपासणी चांगली आली म्हणजे संपले असे नाही, कारण भिंत बहुधा वयात येण्याच्या काळात किंवा तरुणपणी जाड होते आणि काहींच्या बाबतीत चाळिशीनंतरही. मुले आणि किशोरवयीन यांची तपासणी साधारण दर १ ते ३ वर्षांनी आणि प्रौढांची दर ३ ते ५ वर्षांनी पुन्हा करतात. मुलांची पहिली तपासणी घरात निदान झाले की लगेच करावी आणि ती वयात येण्याच्या पुढे ढकलू नये.

जनुकीय चाचणी आता रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. तिचा क्रम पक्का लक्षात ठेवावा : आधी ज्याला आजार आहे त्याची चाचणी, आणि त्यात रोगकारक दोष नक्की सापडला तरच त्या एका दोषासाठी निरोगी नातेवाइकांची. अशा घरात ज्या मुलात तो दोष नाही त्याला पुन्हापुन्हाच्या तपासण्यांतून मोकळे करता येते, हा या चाचणीचा खरा फायदा आहे. बऱ्याच रुग्णांत मात्र दोष सापडतच नाही, आणि कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. अशा शेऱ्यावरून कोणालाही आजारी किंवा निरोगी ठरवू नये आणि नातेवाइकांची इको तपासणी चालूच ठेवावी. जनुकीय सल्लागाराशी चाचणीआधी आणि नंतरही बोलावे.

भारतीयांसाठी येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एमवायबीपीसी-३ या जनुकातला २५ अक्षरे गळालेला एक बदल सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळतो, असे भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. या बदलामुळे हृदयस्नायूच्या आजाराचा धोका वाढतो, परंतु तो असलेली असंख्य माणसे ठणठणीत असतात आणि सर्वांना सारखा धोका नसतो हे पुढच्या संशोधनातून दिसले. चाचणीच्या अहवालात तो दिसला म्हणून निदान झाले असे समजून घाबरू नये.

तिसरी पायरी : अचानक मृत्यूचा धोका मोजून घ्या

हा प्रश्न टाळला जातो, कारण रुग्णही विचारत नाही आणि घरचेही. तो थेट विचारावा. जवळच्या नात्यात याच आजाराने झालेला अचानक मृत्यू, कारण न सापडलेली बेशुद्धी, ३० मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत, होल्टरमध्ये (अंगावर बांधून सलग ठोके नोंदवणाऱ्या यंत्रात) दिसलेली खालच्या कप्प्यातील वेगवान ठोक्यांची मालिका, ५० खाली गेलेला ईएफ, कप्प्याच्या टोकाला आलेला फुगवटा आणि एमआरआयमधील वणाचे मोठे प्रमाण या गोष्टी डॉक्टर पाहतात. यासाठी २४ ते ४८ तासांचे होल्टर एकदाच न करता दर एक-दोन वर्षांनी करतात. चक्कर आणि बेशुद्धी यांत फरक करून सांगावा. कोणत्या वेळी, काय करताना, किती क्षण, हे सगळे त्याच दिवशी लिहून ठेवलेले उत्तम.

धोका जास्त असेल तर आयसीडी हे यंत्र बसवण्याचा सल्ला मिळतो. ते आजार बरा करत नाही. हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर आतूनच झटका देऊन ती पूर्ववत करते. त्याच्यासह जगताना काही सवयी लावून घ्याव्या लागतात : मोबाइल यंत्र असलेल्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही, मॉल किंवा मंदिराच्या धातुशोधक दारातून न रेंगाळता निघून जायचे, इंडक्शन शेगडीपासून दोन फूट दूर उभे राहायचे आणि यंत्राचे ओळखपत्र कायम जवळ ठेवायचे. कधीकधी कारण नसताना झटका बसतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. ज्यांना धोका कमी आहे त्यांनी केवळ भीतीपोटी ते बसवून घेऊ नये, असे मला वाटते; तरुण वयात बसवलेले यंत्र पुढे अनेकदा बदलावे लागते आणि प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाची जोखीम असते.

चौथी पायरी : कोणती औषधे, आणि विशेषतः कोणती नकोत

त्रास असेल तर सुरुवात बहुधा मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल किंवा बिसोप्रोलोल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळीने होते. तिने ठोके संथ होतात, कप्प्याला भरायला वेळ मिळतो आणि अडथळाही कमी होतो. ही गोळी अचानक बंद करू नये. प्रवासाला निघताना चार दिवसांचा जास्तीचा साठा ठेवावा. ती चालत नसेल तर व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम देतात. मॅव्हाकॅम्टेन हे नवे औषध थेट स्नायूच्या आकुंचनावर काम करते. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याने पंपिंग गरजेपेक्षा जास्त खाली येऊ शकते म्हणून ठरावीक अंतराने इको करावाच लागतो, गरोदरपणात ते चालत नाही, आणि ॲसिडिटीसाठी आपण सहज घेतो त्या ओमेप्राझोलमुळेही त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. भारतात ते मिळण्याची सोय आणि खर्च यांबद्दल आपल्या तज्ज्ञांनाच विचारावे.

आता ज्यांना अडथळा आहे त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची सूचना. निदान होण्याच्या काही आठवडे आधी भावाच्या छातीत इमारतीच्या जिन्यातच दुखू लागले. शेजारच्या काकांनी काळजीपोटी खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी काढली आणि त्याच्या जिभेखाली ठेवली. पाच मिनिटांत तो घामाने डबडबला, ओठ पांढरे पडले आणि कठड्याला टेकून तो खाली सरकला. ब्लॉकेजच्या रुग्णाला ज्या गोळीने आराम पडतो त्याच गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाकडे परत येणारे रक्त घटते, आधीच लहान असलेला कप्पा आणखी रिकामा होतो आणि वाट अधिकच आवळली जाते. अशा वेळी रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करायचे असतात. सॉर्बिट्रेटखेरीज रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन, लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्यांचे मोठे डोस आणि सर्दीवरील काही औषधे यांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. दातांचे डॉक्टर असोत, फॅमिली डॉक्टर असोत किंवा भूल देणारे असोत, प्रत्येकाला औषध लिहिण्याआधी आजाराचे नाव सांगावे.

औषधांनी भागत नसेल तर

जाड पडद्याचा अतिरिक्त भाग कापून काढण्याची मायेक्टॉमी ही खुली शस्त्रक्रिया साठ वर्षांहून अधिक काळ होत आहे. ती रूढ करणारे अमेरिकी शल्यविशारद अँड्र्यू मॉरो यांना स्वतःलाच हा आजार होता. दुसरा मार्ग १९९४ मध्ये लंडनमध्ये उलरिच सिग्वार्ट यांनी प्रथम वापरला : पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीत नळीवाटे थोडे शुद्ध अल्कोहोल सोडून तेवढा भाग निकामी करायचा. त्यानंतर काहींना पेसमेकर लागतो आणि मुलांसाठी हा मार्ग वापरत नाहीत. या दोन्हींचे यश करणाऱ्याच्या अनुभवावर फार अवलंबून असते, त्यामुळे ‘तुम्ही वर्षाला अशा किती करता?’ हा प्रश्न विचारताना संकोच करू नये. जवळचे रुग्णालय सोयीचे वाटले तरी अशा कामासाठी दूर जाणे योग्य.

पाचवी पायरी : रोजचे जगणे

पाणी हा या आजारातला निम्मा उपचार आहे असे मी म्हणेन. शरीरातले पाणी घटले की अडथळा वाढतो, म्हणून निर्जळी एकादशी करू नये, जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस लगेच सुरू करावे, आणि मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात लग्नाला जाताना बाटली हातात असावी. उपवास सोडायचाच नसेल तर ताक आणि फळे घेऊन करावा. पंगतीत भरपेट जेवल्यावर पोटाकडे रक्त ओढले जाते आणि अनेकांना जेवणानंतरच जास्त धाप लागते. थोडे थोडे खाऊन पाहावे, फरक पडतो. कडक गरम पाण्याने दीर्घ अंघोळ, बसल्या जागेवरून झटकन उठणे आणि दारू या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

व्यायामाबद्दलचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी ‘काहीही करू नका’ असे सांगत आणि त्यामुळे रुग्ण जाड व उदास होत. आता बोलता येईल इतक्या वेगाने चालणे, सपाटीवर सायकल, संथ पोहणे अशा मध्यम व्यायामाची शिफारस केली जाते. वारीत चालायचे असेल तरी डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने आणि सोबत्याला आजार सांगून चालता येते. स्पर्धात्मक खेळाचा निर्णय मात्र धोका मोजल्यानंतर तज्ज्ञांसोबतच घ्यायचा असतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो जून २००३ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे सामना चालू असताना मैदानावर कोसळला. तो २८ वर्षांचा होता आणि शवविच्छेदनात हाच आजार आढळला. आपल्याकडे पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. महिनोन्‌महिने पहाटे सराव करणाऱ्या या मुलांपैकी कोणाच्या घरात असा रुग्ण असेल किंवा धावताना कोणाला एकदाही भोवळ आली असेल, तर मैदानावर पाऊल ठेवण्याआधी इको करून घ्यावा. कोणी म्हणेल भरती हुकेल, तरीही करावा.

काही प्रसंग मुद्दाम वेगळे

धडधड अनियमित होऊन थांबत नसेल तर वाट पाहू नये. एचसीएममध्ये वरच्या कप्प्याची लय बिघडणे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, बऱ्याच जणांत होते आणि त्यातून रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाला वय कमी असले तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात.

गरोदरपण बहुतेक स्त्रियांना सुखरूप पार पडते. त्याआधी इको करून घ्यावा, हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोललेले असावे आणि प्रसूती भूलतज्ज्ञाची सोय असलेल्या ठिकाणी व्हावी.

लग्नाच्या बोलण्यांत आजार लपवण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. लपवू नये. पुढच्या अपत्याची तपासणी आणि गरोदरपणातील काळजी हे दोघांनी मिळून ठरवायचे असते, आणि उशिरा कळलेल्या गोष्टीने होणारा दुरावा आजारापेक्षा जड जातो. मामे-आत्ये नात्यात लग्न ठरत असेल तर दोन्ही बाजूंची इको तपासणी आधीच व्हावी, कारण दोघांतही दोष असेल तर अपत्याला दोन सदोष प्रती मिळून आजार लहान वयातच तीव्र होण्याची भीती असते.

विम्याबद्दल एक दिलासा आहे. दिल्ली उच्च न्यायालयात फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल लागलेला खटला याच आजाराच्या एका रुग्णाचा होता. ‘जनुकीय आजार’ या सरसकट शब्दाआड त्याचा दावा नाकारण्यात आला होता आणि न्यायालयाने ते भेदभावाचे ठरवले. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने नव्या पॉलिसींत असा सरसकट अपवाद ठेवू नये असे कळवले. एप्रिल २०२४ पासून आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे. अर्ज भरताना मात्र निदान लपवू नये. दावा फेटाळला जाण्याचे ते सर्वांत सोपे कारण ठरते. खर्च झेपणारा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राच्या खिडकीवर आपल्याला सुचवलेल्या उपचाराचे नाव दाखवून तो योजनेत बसतो का, हे लेखी विचारून घ्यावे.

शेवटची पायरी : घरातल्या प्रत्येकाला हे यायला हवे

रुग्ण कोसळला, हाक मारून व हलवून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने लगेच १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर सरळ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा साधारण ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाब थांबवू नये. आसपास एईडी (हृदयाला बाहेरून झटका देणारे) यंत्र असेल तर कोणाला तरी ते आणायला पिटाळावे; ते चालू केले की काय करायचे ते स्वतःच बोलून सांगते. आम्ही भावंडांनी आणि वहिनीने एका शनिवारी हे प्रशिक्षण घेतले. सुरुवातीला पुतळ्यावर दाब देताना वहिनीचे हात थरथरत होते आणि दोन मिनिटांत ती दमली, तेव्हा शिकवणाऱ्यांनी दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो हे सांगितले.

भावाच्या पाकिटात आता एक घडी केलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद असतो. त्यावर आजाराचे पूर्ण नाव, ‘अडथळा असलेला प्रकार’, पडद्याची जाडी, शेवटचा ग्रेडिअंट आणि तारीख, चालू औषधे, आमचे दोन फोन क्रमांक आणि सर्वांत वर, लाल अक्षरांत, ‘सॉर्बिट्रेट देऊ नये’ असे लिहिले आहे. दर इकोनंतर वहिनी तो कागद नव्याने लिहिते आणि जुना त्या वंशावळीच्या फाइलमध्ये लावते. पुतणीच्या पुढच्या तपासणीची तारीखही तिथेच, पहिल्या पानावर आहे.